छापता येणारं इलेक्ट्रॉनिक्स आणि कोकणची खारी हवा

खाडीपलीकडे (धागाकर्ता), रत्नागिरी

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. वीज वाहून नेणारी प्लॅस्टिकं आणि त्यांच्या शाया हा भाग तिसऱ्या वर्षाला आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "सर, हे आपल्याकडे कुठे वापरणार?" पुस्तकातलं उत्तर देऊन मुलांचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. बागायतदार, मासळीवाले, छपाईवाले, सोलारवाले सगळे इथे आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्लॅस्टिक म्हणजे वायरीवरचं आवरण, वीज अडवणारं, अशीच आपली सवय. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली आणि तिची वाहकता कोटीपट वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. साखळीत कार्बनचे बंध एक एकेरी, एक दुहेरी असे आलटून पालटून असले की काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी अडकून न राहता साखळीभर पसरतात. आयोडीन त्यातले काही ओढून घेतं, जागा मोकळ्या होतात आणि प्रवाह सुरू होतो.

१९८७ साली कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या, रेणूंच्या पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला उजेड काढून दाखवला. १९९० मध्ये केंब्रिजच्या गटाने तेच पॉलिमर वापरून केलं. आज हातातल्या फोनचा ओएलईडी पडदा त्याच घराण्यातला. मात्र तो पडदा छापलेला नसतो. त्यातले प्रकाश देणारे थर बहुतेक ठिकाणी निर्वातात वाफेने बसवतात, आणि प्रत्येक ठिपका चालू-बंद करणारे मागचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे किंवा धातूच्या ऑक्साइडचे असतात.

छपाईचं आकर्षण तापमानात आहे. सिलिकॉनच्या चिपला काही टप्प्यांवर १००० अंशांच्या घरातली भट्टी लागते. सेंद्रिय शाई विद्रावकात विरघळते आणि १५० अंशांच्या आत वाळते, त्यामुळे काचेऐवजी पीईटीची (पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची) फिल्म, अगदी कागदसुद्धा चालतो. एका रुळावरून फिल्म सुटते, मध्ये छपाई आणि वाळवण, पलीकडच्या रुळावर ती गुंडाळली जाते. वेग मात्र बेताचा. सिलिकॉनच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनची चलनशीलता, म्हणजे ते किती चटकन सरकतात याचं माप, साधारण १४०० असते, तर त्याच एककात चांगल्या सेंद्रिय अर्धवाहकाची १ ते १०. त्यामुळे यातून संगणकाचा प्रोसेसर निघेल ही अपेक्षा नको.

माझ्या मते खरी अडचण वेगाची नाहीच. अडचण पाण्याची आहे. ओएलईडीला चौरस मीटरमागे दिवसाला एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढीच वाफ झेपते. साध्या पीईटीतून ती ग्रॅमच्या मापात आरपार जाते. ही लाखो पटींची दरी बुजवायला वर जे अडथळ्याचे थर द्यावे लागतात त्यांचाच खर्च मोठा होतो. जगभरातले बहुतेक प्रयोग कोरड्या हवेत, नायट्रोजन भरलेल्या पेटीत होतात. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यात समुद्राचं मीठ.

म्हणून मला वाटतं की कोकणात या तंत्राचं पहिलं खरं काम छतावरची वीज हे नसेल. आठवडा-पंधरा दिवस जगून आपलं काम पुरं करणारी लेबलं आणि पट्ट्या हे असेल. आणि त्यांची परीक्षा आपल्याच हवेत व्हायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

मी_वाचतोय, चिपळूण

उत्तम धागा. वाचतोय.

सौरमित्र, दापोली

छतावरच्या विजेबद्दल धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड, दापोली, श्रीवर्धन भागात काय झालं ते इथल्या बहुतेकांनी भोगलंय. पत्रे उडाले, कौलं गेली, खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यानंतर लोक मला विचारू लागले, "हलकं काही नाही का? चिकटवायचं, गुंडाळून घरात घ्यायचं असं?" प्रश्न रास्त आहे. काचेचं पॅनेल वीस-बावीस किलोचं, चौरस मीटरला दहा-अकरा किलो पडतात. जुन्या कौलारू घराचे वासे बघूनच मी कधी कधी काम नाकारतो. सेंद्रिय सौरपट्टी चौरस मीटरला किलो-दोन किलोची. वजनाच्या बाबतीत तिला तोड नाही.

पण गिऱ्हाईकाला मी काय सांगू? सिलिकॉनचं पॅनेल २१-२२ टक्के कार्यक्षम, वर २५ वर्षांची हमी. सेंद्रिय सेल प्रयोगशाळेत १९ टक्क्यांच्या पुढे गेलेत हे खरं, पण ते काही चौरस मिलिमीटरचे तुकडे. विकत मिळणारी मोठी पट्टी त्याच्या निम्म्यावरही येत नाही. अमेरिकेतली कोनार्का ही कंपनी २००१ साली याच स्वप्नावर उभी राहिली, संस्थापकांत स्वतः हीगर होते, आणि २०१२ मध्ये तिचं दिवाळं निघालं. तोपर्यंत सिलिकॉनची पॅनेलं इतकी स्वस्त झाली होती की हलकेपणासाठी जास्त पैसे मोजायला फारसं कुणी उरलं नाही.

आणि खारी हवा. किनाऱ्यावरच्या पॅनेलांची मिठाच्या फवाऱ्यात वेगळी चाचणी असते, आयईसी ६१७०१. ती पास झालेल्या मालाचेही जोड आणि क्लॅम्प इथे गंजलेले मी काढलेत. सिलिकॉनचा सेल आत ठणठणीत, बाहेरचं कनेक्टर गेलेलं. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यात १००० तास ही चाचणी सिलिकॉनचं पॅनेल नेहमी पार करतं. लवचीक सेंद्रिय पट्टी तीच चाचणी पार करते असा कागद पुरवठादाराने हातात दिल्याशिवाय मी कुणाच्या छतावर ती चढवणार नाही.

खाडीपलीकडे

सौरमित्र, कनेक्टरचा मुद्दा फार मोलाचा आहे. संशोधनाच्या लेखांत सेलबद्दल पानंच्या पानं असतात, फिल्ममधून तार बाहेर पडते त्या जागेबद्दल दोन ओळी. आणि पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा कडेने आणि तिथूनच.

एक गोष्ट जोडतो. पीईडॉट-पीएसएस नावाचं वाहक पॉलिमर या क्षेत्रात सर्रास वापरतात. पाण्यात विखुरता येतं, निळसर शाई, छापायला सोपी. त्यातला पीएसएस हा भाग आम्लधर्मी आणि पाणी ओढणारा. पावसाळ्यात उघड्या ताटलीतला पापड मऊ पडतो तसा हा थर हवेतली वाफ शोषून घेतो, फुगतो, आणि शेजारच्या इंडियम-टिन ऑक्साइडच्या (पारदर्शक वीजवाहक) थराला आम्लाने खातो. म्हणजे शत्रू बाहेरूनच यायला हवा असं नाही, तो शाईतच बसलेला असतो.

छापखाना, कुडाळ

लग्नपत्रिका, पिशव्या, स्टिकर, कंट्रोल पॅनेलचे ओव्हरले अशी स्क्रीन प्रिंटिंगची कामं करतो. चांदीच्या पेस्टने छापलेलं सर्किट मी हाताळलंय. मिक्सर, मायक्रोवेव्ह, वजनकाटा यांच्या मेम्ब्रेन कीपॅडमध्ये पीईटीवर चांदीच्या रेषा असतात, त्या स्क्रीनवरच निघतात. म्हणजे लवचीक फिल्मवर छापलेली वीजवाहिनी ही काही उद्याची गोष्ट नाही, घरोघर आहे.

पावसाळ्याबद्दल सांगायचं तर आमचा धंदा जूनमध्ये बदलतो. स्क्रीनला लावलेलं इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) नीट वाळल्याशिवाय उजेडात धरलं तर धुताना सुटून येतं. मार्चमध्ये पंख्याखाली वाळतं, जुलैमध्ये बंद कपाटात हीटर लावल्याशिवाय वाळत नाही. कागद वाकतो, दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. पीईटी पाणी फारसं पीत नाही, पण ओव्हनमधून काढल्यावर आकसतं. त्यासाठी आधी तापवून आकसून घेतलेली फिल्म मागवावी लागते.

सर, माझा प्रश्न साधा आहे. ०.१ मिलिमीटरची रेष माझ्या टेबलावर निघते, त्याहून बारीकची खात्री देत नाही. तेवढ्यात तुमचं काम होतं का?

खाडीपलीकडे

होतं. ट्रान्झिस्टर छापायचा तर त्याहून बारीक फट लागते, पण इलेक्ट्रोड, अँटेना, तापमानाची पट्टी, ओलाव्याची पट्टी यांना ०.१ मिलिमीटर पुष्कळ.

सिस्टर_राजापूर

छापील इलेक्ट्रॉनिक्स घरोघर आहे असं वर वाचलं म्हणून लिहिते. साखर तपासायची ग्लुकोमीटरची पट्टी हे त्याचंच उदाहरण. प्लॅस्टिकच्या पट्टीवर कार्बनचे इलेक्ट्रोड छापलेले असतात, वर एन्झाइमचा थर. रक्ताचा थेंब पडला की एन्झाइम ग्लुकोजवर काम करतं, त्यातून निघालेला अगदी बारीक प्रवाह मशीन मोजतं. पट्टी एकदा वापरायची आणि टाकायची.

आणि तिचंही दुखणं तेच, ओलावा. डबीच्या आत पाणी शोषणारा पदार्थ असतो तो उगीच नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच आज्या पट्ट्या डबीतून काढून पाकिटात ठेवतात, कुणी डबीचं झाकण उघडंच टाकतं, कुणी फ्रीजच्या दारात ठेवतं आणि गार डबी बाहेर काढून लगेच उघडतं. पावसाळ्यात अशा पट्ट्यांचे आकडे भलतेच येतात आणि त्या आकड्यावर माणूस गोळी कमी-जास्त करतो. नवीन पट्ट्या, लेबलं जरूर करा. पण पट्टी बिघडलीय हे पट्टीवरच दिसेल अशी खूण त्यात असू द्या. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट.

खाडीपलीकडे

ताई, हे मी मुलांसाठी फळ्यावर लिहून ठेवणार आहे. छापताना शेजारी एक ओलावा दाखवणारा ठिपका टाकणं कठीण नाही. कोबाल्टचं संयुग टाळून दुसरे रंग मिळतात. ठिपक्याचा रंग पालटला असेल तर पट्टीचा आकडा धरायचाच नाही.

हापूसकर, देवगड

दोन प्रश्न. पहिला नेहमीचा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी दुसरीकडचा आंबा आमच्या नावाने विकला जातोच. क्यूआर कोडचे स्टिकर आले, त्यांच्याही नकला निघतात. पेटीवर छापील इलेक्ट्रॉनिक लेबल आलं तर नक्कल थांबेल का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. पेटी माझ्याकडून निघाली की वाटेत तिचं काय झालं ते कळत नाही. व्यापारी फोन करतो, "माल काळा पडला". उन्हात ट्रक उभा होता की शीतगृहात जास्त गार केला? हापूसला १३ अंशांच्या खाली फार वेळ ठेवलं तर सालीवर डाग पडतात, फळ नीट पिकत नाही. चूक कुठे झाली ते दाखवायला माझ्याकडे काहीच नसतं, आणि पैसे कापले जातात ते माझे.

आणि साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून ओळखता येईल का, तेही सांगा.

सावंतवाडी_ते_स्वीडन

हापूसकर, नकलेच्या प्रश्नाला सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्सची गरजच नाही. तिथे गुप्त किल्ली सांभाळणारी छोटी सिलिकॉन चिप आणि छापलेली अँटेना असा एनएफसी टॅग (फोन जवळ नेला की वाचता येणारा) लागतो, तो आजही मिळतो. सेंद्रिय ट्रान्झिस्टर तेवढं गणित आज परवडेल अशा रीतीने करत नाहीत. २०२१ मध्ये आर्म कंपनीने प्लॅस्टिकवरचा ३२ बिटचा प्रोसेसर दाखवला, १८ हजारांहून जास्त गेटांचा, पण त्यातले ट्रान्झिस्टर धातूच्या ऑक्साइडचे होते.

दुसरा प्रश्न मात्र या तंत्राच्या अगदी गल्लीतला. तापमानाप्रमाणे रोध बदलणारी कार्बनची पट्टी छापायची, नोंद ठेवायला शेजारी एक सिलिकॉनची चिप चिकटवायची. छापता येईल ते छापायचं, बाकीचं सिलिकॉनवर सोपवायचं. इथे स्वीडनमध्ये बरेच लोक याच वाटेने चाललेत. एमआयटीच्या टिमथी स्वेगर यांच्या गटाने २०१२ मध्ये कार्बन नॅनोट्यूब आणि तांब्याचं संयुग वापरून इथिलीन ओळखणारा संवेदक केला. फळ पिकताना तोच वायू सोडतं. २०१४ मध्ये त्याच गटाने साध्या एनएफसी टॅगमध्ये फेरफार करून हवेतली रसायनं फोनने ओळखून दाखवली. असं काही पेटीत बसलं तर आंबा कुठल्या टप्प्यावर आहे ते पेटी न फोडता कळेल.

इथल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या मंडळींनी तर २०१५ साली गुलाबाच्या जिवंत फांदीत पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये वाहक पॉलिमरची तार तयार केली आणि फांदीतच ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. आंब्याच्या झाडाचं पाणी, मोहोर यांवर असं काही होईल का याचा विचार मी अनेकदा करतो. ते दूरचं आहे, पण कल्पना म्हणून सोडवत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. इथे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. इथल्या टेबलावर महिनाभर टिकलेल्या पट्टीचा आकडा मालवणला लागू पडेल असं कुणी समजू नये. धागाकर्त्यांचा चाचणीचा आग्रह अगदी योग्य आहे. आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे, मुंबई आयआयटीत सौरविजेचं. दोन्हीकडे यंत्रं उत्तम, पण खारा वारा आपल्याकडेच.

खाडीपलीकडे

साक्याबद्दल राहिलं. तो फळाच्या आत, कोयीजवळच्या गरात होतो. बाहेर चिकटवलेल्या लेबलाला तो दिसणार नाही. त्याला आरपार बघणारं काहीतरी लागतं, क्ष-किरण किंवा जवळचा अवरक्त प्रकाश. ते यंत्र पॅकहाउसमध्ये असेल, पेटीवर नाही.

बंदरावरची, मालवण

सर, माका एक सांगा, ह्या लेबल बर्फाच्या पाण्यात भिजला तर चलतला काय? आमच्याकडे मासळी कोरडी कधीच नसता. क्रेटात बर्फ, बर्फाचा पाणी, वर ताडपत्री.

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहिते. आमचा व्यवहार बंदरावर लिलावाने होतो. घेणारा कल्ले उघडून बघतो, डोळे बघतो, बोटाने दाबून बघतो. त्याला लेबल नको असतं. लेबल लागेल ते पुढे, गोव्याला आणि मुंबईला माल जातो तेव्हा. आता समजा लेबलाचा रंग मुंबईत पालटला. बर्फ कमी घातला तो ट्रकवाल्याने. पण लेबल तर आम्ही लावलेलं, म्हणजे माल आमचाच खराब. दर आमचा पडणार. हापूसकरांना जो त्रास आहे तोच आम्हाला आहे, फक्त आमच्याकडे पंधरवडा नसतो, दुपार असते.

म्हणून माझं म्हणणं, आधी हे ठरवा की लेबल कोण लावतो, हात बदलताना ते कोण बघतो, आणि पैसे कोण देतो. लेबलाचा खर्चही आमच्याच माथी आणि त्यावरून दरही आमचाच पडणार असेल तर आमच्या बंदरावर ते कुणी हातात घेणार नाही.

हापूसकर

बंदरावरची ताईंना +१. हाच माझाही प्रश्न आहे, त्यांनी नीट मांडला.

खाडीपलीकडे

ताई, भिजण्याचं आधी. चांदीच्या रेषा उघड्या ठेवून त्यांत व्होल्टेज दिलं आणि मधे खारं पाणी आलं तर चांदी एका रेषेवरून दुसरीकडे सरकते, बारीक फांद्या वाढतात आणि सर्किट शॉर्ट होतं. मिठातल्या क्लोराइडने चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर बसतो तो वेगळाच. म्हणून मासळीच्या लेबलात उघडा भाग फक्त कार्बनचा ठेवावा लागेल.

रंग पालटणाऱ्या लेबलाला तर तारही नको. पॉलिॲनिलीन हे वाहक पॉलिमर आम्लावस्थेत हिरवं असतं. मासळी खराब होताना अमोनिया आणि ट्रायमिथाइलअमीनसारखी वासाची अमाइनं सुटतात, त्यांनी ते निळं होतं, आणि त्याच वेळी त्याची वाहकताही घसरते, म्हणजे डोळ्यांनी वाचा किंवा मशीनने. इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१२ साली मिल्कफिशवर असं लेबल वापरून दाखवलं. पॉलिॲनिलीन आमच्या प्रयोगशाळेत बनतं. ॲनिलीन विषारी आहे, ते मुलांच्या हाती देताना काळजी घ्यावी लागते, पण तयार पॉलिमर स्वच्छ धुऊन घेता येतं.

आता बांगड्याबद्दल, कारण इथे लेबल फसवू शकतं. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टामीन बनवतात. ते शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, लोक म्हणतात मासा बाधला. हिस्टामीन हवेत उडत नाही, त्यामुळे हिरवं लेबल हिरवंच राहील आणि मासा बाधेल. या माशांना रंगाचं लेबल पुरेसं नाही, त्यांना तापमान किती वेळ चढलेलं होतं याची नोंद हवी. ४ अंशांच्या वर गेलेला प्रत्येक तास मोजला गेला पाहिजे.

आणि तीच नोंद तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकते. नुसतं रंगाचं लेबल शेवटच्या माणसाला निकाल सांगतं आणि दोष पहिल्याच्या माथी जातो. वेळेसह नोंद असेल तर माल तुमच्या हातून गेला तेव्हा काय होतं आणि नंतर कुणाच्या ताब्यात बिघडला ते वेगळं दिसतं. कोण पैसे देणार हे मी ठरवू शकत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की ज्याला पुरावा हवा त्याने, म्हणजे पुढच्या घेणाऱ्याने, तो खर्च उचलावा. मच्छीमार सोसायट्यांनी हे आधी बोलून घेतल्याशिवाय लेबल बंदरावर आणूच नये.

किनारा_स्वच्छ, गुहागर

सगळं वाचलं. कुणी कचऱ्याबद्दल बोलेल म्हणून थांबले होते. पावसाळ्यानंतर आमच्या किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, गुटख्याची पाकिटं वेचताना हात दुखून येतात. आता प्रत्येक पेटीवर आणि क्रेटवर चांदी, प्लॅस्टिक आणि चिप चिकटणार. ते परत कोण गोळा करणार? "सेंद्रिय" म्हटलं की लोकांना वाटतं मातीत जाईल.

सावंतवाडी_ते_स्वीडन

मातीत जाणार नाही. रसायनात सेंद्रिय म्हणजे कार्बनचं, एवढंच. शिवाय चांगले अर्धवाहक पॉलिमर बनवताना अनेकदा कथिलाची विषारी संयुगं वापरली जातात आणि शाईचे विद्रावक क्लोरोबेंझिनसारखे असतात. कारखान्यातला माणूस ते श्वासात घेतो. पाण्यावर आधारित शाया आणि कागदाचा आधार यांवर इथे काम चाललंय. सेल्युलोज आणि पीईडॉट मिसळून वीज साठवणारा कागद २०१५ मध्ये इथे झाला. कार्बनची शाई आणि कागद एवढ्यावर लेबल बसलं तर तुमची काळजी बरीच कमी होते. चिप असलेलं लेबल मात्र परत घ्यायलाच हवं.

किनारा_स्वच्छ

मग चिप क्रेटला लावा, लेबल पेटीला. क्रेट परत येतो.

छापखाना

हे फार पटलं. क्रेट प्लॅस्टिकचा, वर्षानुवर्षं फिरतो. त्याच्या कडेत खाच करून चिपची डबी बसवता येईल आणि दर खेपेला फक्त स्वस्त कार्बनची पट्टी बदलायची. पट्टी मी छापतो.

खाडीपलीकडे

मी जो विचार घेऊन आलो होतो त्याला तुम्ही सगळ्यांनी आकार दिलात. दिवाळीची वाट न बघता येत्या पावसाळ्यातच सुरू करू, कारण खरी परीक्षा तेव्हाच. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात हे घेतोय.

छापखाना, आकसून घेतलेल्या पीईटीवर आणि जाड कागदावर कार्बनच्या जोडरेषा हव्यात, काही उघड्या आणि काहींवर पारदर्शक वार्निशचा थर. त्याच मापात चांदीच्याही थोड्या, सरकण्याचा वेग मोजायला. रेषांमधलं अंतर तीन वेगवेगळं ठेवू. आमच्याकडून पॉलिॲनिलीनचे ठिपके आणि ओलाव्याचे ठिपके.

हे संच बंदरावर, दापोलीत समुद्राकडच्या भिंतीवर आणि आत कोरड्या खोलीत टांगायचे. दर आठवड्याला रोध मोजायचा आणि फोटो काढायचा, फोटोत रंगाची एकच तुलनापट्टी. वाईट आकडेही याच धाग्यावर टाकणार.

सौरमित्र, तुमच्याकडून एक मागणं. काढून ठेवलेले गंजलेले कनेक्टर असतील तर मुलांना बघायला द्या. फिल्ममधून तार बाहेर काढायच्या जागेवर त्यांना स्वतंत्र काम करायला लावतो.

सौरमित्र

देतो, पोतंभर आहेत. भिंतही देतो. पश्चिमेकडची घ्या, वारा थेट लागतो. टांगताना तांब्याची तार वापरू नका, ती हिरवी पडून पाणी पट्टीवर ओघळेल. नायलॉनची दोरी घ्या.

छापखाना

रेषांची फाईल पाठवा. चांदीच्या पेस्टला १३० अंशांचा ओव्हन लागतो, माझा तेवढा जातो. कागदाला मात्र एवढ्या उष्णतेत रंग चढेल, कागदावर फक्त कार्बन घ्या, तो ८० अंशांना जास्त वेळ ठेवून वाळवतो.

बंदरावरची

एक संच माझ्याकडे बर्फाच्या क्रेटात ठेवा. भिंतीवरचा आकडा आमच्या उपयोगाचा नाही. मे संपला की बोटी बंद, त्याआधी एकदा ठेवून बघा, मग ऑगस्टला परत.

हापूसकर

अढीतही एक ठेवा. गवतात आंबा घातला की आत चांगलीच ऊब असते आणि ओलावाही. पॉलिॲनिलीनला पिकण्याचा वास कळेल का?

खाडीपलीकडे

इथिलीनला ते दाद देत नाही, त्यामुळे रंगाचा ठिपका अढीत नको. तिथे कार्बनची तापमानपट्टी घालू आणि शेजारी साधा थर्मामीटर, म्हणजे ओलाव्याने पट्टीचा आकडा किती हलतो ते कळेल. या हंगामाची शेवटची अढी केव्हा लावताय तेवढं कळवा, दोन मुलांना घेऊन येतो.